मागचा वैल

आत्याच्या नव्याकोऱ्या ओव्हनचं दार उघडलं, तर आत कुरड्या. वरच्या जाळीवर कुरड्या, खालच्या जाळीवर साबुदाण्याचे पापड, आणि कोपऱ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली मिरच्यांची पुडी.

"आत्या! हा ओव्हन आहे. कपाट नाही!"

"मले काय मालूम," सुभद्राआत्या म्हणाली. "दार हाये, फळ्या हायेत. मंग कपाटच झालं ना वं."

मी फरशीवर बसून हसले. मग पटकन गंभीर झाले, कारण मला अकोल्याला त्यासाठीच पाठवलं होतं. कोणी चुकून बटण फिरवलं असतं तर त्या वर्तमानपत्राने पेट घेऊन कौलखेडची अख्खी गल्ली गोळा केली असती.

मी प्रणाली. अमरावतीची, जूनमध्ये दहावीत जाणार. यंदा विज्ञान प्रदर्शनात 'घरातली वीज' या माझ्या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. आठवीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलासुद्धा लाजायची, आणि आता म्हणे माझ्या हातातून माइक काढून घ्यावा लागतो. त्यामुळे हैदराबादला नोकरी करणाऱ्या कुलदीपदादाने त्याच्या आईसाठी, म्हणजे आत्यासाठी, विजेची शेगडी पाठवली, तेव्हा ती शिकवायला कोण जाणार हा प्रश्नच आला नाही.

शेगडी म्हणजे साधी नाही. खाली ओव्हन, वर काळी गुळगुळीत काच आणि काचेवर आखलेली चार वर्तुळं. जाळ नाही, धूर नाही. बटण फिरवलं की काचेखालून वर्तुळ तापतं. बंद केल्यावरही काच बराच वेळ गरम राहते, म्हणून प्रत्येक वर्तुळासाठी एक बारीक लाल दिवा. काच गार झाली की तो विझतो.

तो दिवा आत्यासाठी फार महत्त्वाचा होता. तिला साखरेचा आजार आहे. हातापायांची जाणीव गेली आहे. मागच्या मे महिन्यात ती गच्चीवर अनवाणी कुरड्या वाळू घालत राहिली. अकोल्याच्या उन्हात तापलेल्या स्लॅबवर तळपाय भाजला तरी तिला कळलं नाही. ती जखम भरलीच नाही आणि शेवटी पायाचं एक बोट काढावं लागलं. अमरावतीचे डॉक्टर म्हणाले, "काकू, बोटावर निभावलं. आता हात सांभाळा. हाताला असा चटका बसला तर मी काही खात्री देऊ शकणार नाही."

आणि आत्याची सवय काय? तवा तापला का, ते ती तळवा टेकवून बघायची! चाळीस वर्षं भाकरी थापलेल्या बाईचा हात तो. आधी तव्यावर नुसता धरायची. जाणीव गेल्यावर समजेना म्हणून टेकवायला लागली.

"जाळ दिसत नाई तं मले समजणार कसं?"

"दिव्यावरून. दिवा लाल, हात लांब. म्हण."

"दिवा लाल, हात लांब." आत्या पाढ्यासारखं म्हणाली. "मास्तरीण झाली माही पोट्टी!"

मी एकेक करून सगळं शिकवलं. ओल्या हाताने बटण धरायचं नाही. पदर खोचायचा. बुडाशी सपाट असलेलीच भांडी ठेवायची. काचेवर फडकं, प्लास्टिक काही विसरायचं नाही. फक्त पुढची दोन वर्तुळं वापरायची, म्हणजे तापलेल्या काचेवरून हात मागे न्यावा लागणार नाही. आणि गरम काचेवर गार पाणी टाकायचं नाही, तडकते.

"ते तं मी तव्यावरही टाकत नाई. घरधन्याले बाधते म्हणतात." आत्याने भिंतीवरच्या मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "आता याले काय बाधणार हाये, तरी नाई टाकत."

सगळं छान चाललं होतं. काच पुसायचं काम माझं. ती पूर्ण गार झाली की व्हिनेगरचा हात आणि मऊ फडकं. तिच्यात माझा चेहरा दिसेपर्यंत मी पुसायची.

एका सकाळी पुसताना मागच्या डाव्या वर्तुळाचा दिवा लागलेला दिसला.

ते वर्तुळ आम्ही कधीच वापरलं नव्हतं. बटण बंद. मी चमच्याने पाण्याचा एक थेंब सोडला. चरचरला नाही. तसाच गोल बसून राहिला. काच गार होती.

कुलदीपदादा फोनवर म्हणाला, "सेन्सर बिघडला असेल." मलाही तेच वाटलं. शफीकभाईंना बोलावलं. त्यांनीच शेगडीसाठी जाड वायर, अर्थिंग आणि वेगळा मेन स्विच बसवला होता. त्यांनी टेस्टर लावला, मीटर लावलं, डोकं खाजवलं.

"बेटा, इसमें तो करंट आ ही नहीं रहा. दिवा काहून लागला, मले बी नाई समजलं. कंपनीवाल्याले बोलवा."

कंपनीवाला पुढच्या आठवड्यात येणार होता.

त्या दिवशी जेवताना आत्याने माझ्या ताटात चानकी वाढली. भाकरी करताना शेवटी उरलेल्या पिठाची ती छोटी भाकर करते. कुलदीपदादा लहान असल्यापासूनची सवय. चानकी कढत होती. बोटं पोळली.

"ही आत्ता केलीस?"

"नाई वं, मघाच केली. वैलावर ठेवली होती."

"कुठल्या वैलावर?"

तिने शेगडीच्या मागच्या डाव्या वर्तुळाकडे हनुवटी केली. "चुलीले नसते का बाजूले वैल? त्याच्यावर वरण ठेवलं का ऊन राहाते. तसंच हे."

मी उठून हात जवळ नेला. ऊब होती. पुढच्या वर्तुळाची उष्णता काचेतून मागे जात असेल, मी स्वतःला समजावलं. पण मधल्या काचेवर बोट ठेवलं, तर ती माठासारखी गार.

"आत्या, याला जाळ कुठून येतो मग?"

"वैलाले कुठं वेगळा जाळ लागते?" ती हसली. "चूल पेटली का वैल तापते."

"चूल कुठे आहे पण?"

भाकरीचा तुकडा मोडून आत्या खात राहिली.

दुसऱ्या दिवशी काचेवर हात उमटला होता.

आत्याचाच असणार, या विचाराने मी आधी चिडले. व्हिनेगर घेतलं, घासलं. गेला नाही. डाग काचेच्या वर आहे की आत, ते नखाला कळतं. नख फिरवलं, तर वर काहीच नव्हतं. पाच बोटं, तळवा, तळव्यावरच्या रेषासुद्धा, सगळं काचेच्या आतल्या बाजूने होतं. बोटांची टोकं माझ्याकडे. समोर कोणी उभं राहून, खालून काचेला हात टेकवला असावा, तसं.

मी माझा हात त्याच्यावर धरला, न टेकवता. तो हात माझ्यापेक्षा मोठा होता. आत्याच्या हातापेक्षाही मोठा.

मी आत्याला काही सांगितलं नाही. बाबांना फोन लावला आणि म्हटलं, गरम फार होतंय, मला न्यायला या. ते हसले. "अकोल्यात मे महिन्यात गरम होणारच ना, शास्त्रज्ञबाई."

खरं तर मला घाम येत नव्हता. अंगावर काटा होता.

त्यानंतर मी आत्याला स्वयंपाकघरात एकटी सोडायची नाही. ती पाणी प्यायला उठली तरी मागे मागे. मागच्या वर्तुळावर मी उलटं पातेलं ठेवून दिलं. सकाळी पातेलं ओट्यावर, नीट सुलटं ठेवलेलं असायचं. आणि हाताचा ठसा थोडा सरकलेला असायचा. रोज थोडा पुढे, आत्या जिथे उभी राहते त्या बाजूला.

"आत्या, पातेलं तू काढलंस?"

"हाव. मधात येत होतं."

"कोणाच्या मधात?"

"तू फार इचारते बाप्पा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने माझ्यापासून लपवून हात पदराखाली घेतला.

मग ती दुपार आली.

अकोल्याची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. खिडक्यांना ओले पडदे, दारं बंद, आणि प्रत्येक घरात कूलरची घरघर. तो आवाज हीच तिथली शांतता. त्या घरघरीत आत्याशेजारी माझा डोळा लागला.

जाग आली ती कूलर थांबल्यामुळे. लाइन गेली होती. पंखा थांबलेला, फ्रिज गप्प. सगळी गल्ली गप्प.

शेजारी आत्या नव्हती.

स्वयंपाकघरातून आवाज येत होता. थप. थप. थप. भाकरी थापण्याचा.

मला इतकं हायसं वाटलं! आत्या भाकरी करत असणार. मग लक्षात आलं. घरात पीठ नव्हतं. ज्वारी दळायला टाकली होती, म्हणून सकाळी आम्ही खिचडी खाल्ली होती.

मी दारापर्यंत गेले.

परात धुऊन भिंतीला टेकवलेली होती. कोरडी.

आत्या शेगडीपुढे उभी होती. पाठमोरी. उजवा हात पुढे, मागच्या डाव्या वर्तुळावर टेकवलेला. बोटं पसरलेली.

लाइन नव्हती. दिवा लाल होता.

थप. थप.

आवाज तिच्या तळव्याखालून येत होता.

"आत्या, हात काढ."

"काहून?" तिने मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "मले समजून राहिलं वं, प्रणाली. चार वर्सांनी हाताले समजून राहिलं. ऊन ऊन लागते."

"दिवा लाल आहे! दिवा लाल, हात लांब. म्हण ना आत्या!"

ती पुन्हा काचेकडे वळली.

मी तिचं मनगट धरून ओढलं. हात निघाला नाही. चिकटला नव्हता. चिकटलेलं वेगळं असतं, ते कातडीला कळतं. मी ओढलं की पलीकडूनही ओढलं जात होतं.

तेवढ्यात आवाज थांबला.

तवा तापला का बघताना आत्या अशीच थांबायची. हात टेकवून, अंदाज घेत.

मला रडू फुटलं. मी तिच्या कमरेला मिठी मारून, फरशीवर पाय रोवून मागे रेलले.

आणि लाइन आली. फ्रिज गुरगुरला, कूलर धडधडत सुरू झाला. लाल दिवा विझला. आम्ही दोघी फरशीवर आपटलो.

मी तिचा तळवा उलटा करून पाहिला. फोड नव्हता, लालीही नव्हती. तळवा बर्फासारखा गार होता, आणि त्याला ज्वारीचं ओलं पीठ लागलेलं होतं.

मी मेन बंद केला. मग शेजारच्या रजियाबींच्या ओसरीत आत्याला घेऊन बसले आणि बाबांना फोन केला. या वेळी ते हसले नाहीत. संध्याकाळच्या आत आले. शफीकभाईंनी शेगडीची वायर मुळापासून कापली आणि माझ्या हट्टाखातर वरची काच उघडली. ठसा तिथे नव्हता. मागच्या डाव्या वर्तुळाखाली मात्र राख होती. पांढरी, मऊ, ओंजळभर.

"ये तो लकड़ी की राख है," शफीकभाई म्हणाले. हात झटकून ते नळाखाली गेले आणि बराच वेळ धूत राहिले.

आत्याला आम्ही अमरावतीला घेऊन आलो. येताना गाडीत ती खिडकीतून बाहेर बघत उजवा हात मांडीवर उताणा ठेवून बसली होती, कोणी काही देणार असल्यासारखा.

आमच्याकडे साधा गॅस आहे. आई तिला ओट्याजवळ येऊ देत नाही. काही झालं नाही. मी परत जोरजोरात बोलायला लागले. सेन्सर, काचेचा गुणधर्म, उन्हाची झोप, काय काय कारणं मी शोधून काढली! शाळा सुरू होण्याआधी आत्याला डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून नायलॉनचा बारीक धागा काढला. "काकू, डोळे मिटा. धागा लागला की सांगा."

अंगठा. "समजतं?"

"नाई."

तर्जनी. "नाई." मधलं बोट. "नाई." तळवा. "नाई, डॉक्टरसाहेब."

"जाणीव आहे तशीच आहे," डॉक्टर म्हणाले. "पण कुठे भाजलेलं नाही. हात छान सांभाळलात. शाबास!"

मला इतकं बरं वाटलं की मीच आत्यापेक्षा जास्त हसले. डॉक्टर धागा ठेवायला ड्रॉवरकडे वळले. आमच्याकडे त्यांची पाठ झाली.

आत्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. हात टेबलावर, उताणा.

"हां," ती हळूच म्हणाली. "आता समजते."

"काय समजतं, आत्या?"

तिच्या चेहऱ्यावर तेच हसू आलं. तिची बोटं सावकाश मिटली, रिकाम्या हवेत, कोणाचा तरी हात धरावा तशी. मनगटावर चार खळगे पडले, कोणी घट्ट पकडल्यासारखे. आणि त्या खळग्यांभोवतीची कातडी हळूहळू लाल होऊ लागली.