अनुश्रीच्या चाळीस फायली

बसा, घाबरू नका. रात्रीबेरात्रीची गोष्ट नाही ही. शनिवारची दुपार होती आणि बाहेर ऊन मी म्हणत होतं.

जयपूरच्या झालाना भागातल्या आमच्या ग्रंथालयात शनिवारी एक टेबल माझं असतं. लोक जुने फोन, पेनड्राइव्ह, हार्डडिस्क घेऊन येतात. कुणाचे लग्नाचे फोटो, कुणाच्या गेलेल्या वडिलांचा आवाज. मी त्यांच्या नकला करून जपून ठेवते. नुसती नक्कल करून भागत नाही, प्रत्येक फाईल शेवटपर्यंत चालवून तपासायची, असा आमचा नियम. लोक कंटाळतात. मी कुणाचं ऐकत नाही.

त्या दिवशी सुवर्णाताई आल्या. मूळच्या भुसावळच्या, नवऱ्याची रेल्वेत बदली झाली म्हणून जयपुरात आलेल्या. त्यांनी पिशवीतून एक हार्डडिस्क काढली. तिचा कोपरा ठेचलेला होता.

"माझ्या अनुश्रीची आहे. आठ महिने झाले तिला जाऊन. जावई म्हणतो, इथल्या मानसरोवर वस्तीतल्या घरी जिन्यावरून पडली. तो मारायचा ते ती रेकॉर्ड करून ठेवायची हो... त्यानं हातोडा घातलाय ह्या डिस्कवर. वकील म्हणतात, आवाज मिळाला तरच केस उभी राहील."

डिस्क खरखरली, पण चालली. चाळीस फायली. पहिलीवर दीड वर्षापूर्वीची तारीख. नक्कल झाली. नेहमी मी हेडफोन लावते, पण त्या माउलीला लेकीचा आवाज ऐकायचा होता, म्हणून स्पीकर लावला.

आधी कुकरची शिट्टी. मग बारीक आवाज, "कौशिक, नको..." मग एक धपका.

त्याच वेळी दार आपटलं आणि जावई आत आला. सासूच्या मागावरच असणार. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र.

"ती डिस्क माझी आहे, मॅडम. मतलब, घरातलं मॅटर आहे."

मी डिस्कवर हात ठेवला. त्यानं माझे केस धरले आणि तोंड टेबलावर आपटलं. नाकातून भळाभळा रक्त आलं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा जीव घ्यावासा वाटला.

स्पीकर चालूच होता. दुसरा धपका वाजला... आणि कौशिकचा हात कोपरातून उलटा वळला. कुणीही त्याला शिवलं नव्हतं. सुवर्णाताई भिंतीला चिकटून उभ्या होत्या. तिसऱ्या धपक्याला बरगड्या काटकीसारख्या मोडल्या. तो फरशीवर लोळत किंचाळला, "बंद करो... बंद करा ते..."

बटण माझ्या बोटाखाली होतं. पण फाईल शेवटपर्यंत चालवायची असते. चौथ्या धपक्याला त्याचा जबडा सरकला.

तो मेला नाही. इस्पितळात एक्स-रे पाहून डॉक्टर चक्रावले. ही हाडं आज मोडलेलीच नाहीत, म्हणाले. दीड वर्षापूर्वी मोडून वेडीवाकडी जुळली आहेत.

संध्याकाळी वकिलांसाठी मी फाईल पुन्हा लावली. शिट्टी तीच, धपके तेवढेच. ओरडत मात्र कौशिक होता. अनुश्री कुठेच नव्हती. मूळ डिस्कवरही तेच. मला रडू फुटलं. जपायला दिलेला आवाज मी घालवला होता. सुवर्णाताईंना फोन करून स्पष्ट सांगितलं, "जी फाईल वाजवू, तिच्यातून अनुश्री पुसली जाणार. मग ना पुरावा उरेल, ना लेक."

पुढच्या शनिवारी त्या आल्या, तेव्हा डोळे कोरडे होते.

"एकोणचाळीस आहेत ना अजून?... लावा, ताई."

"शेवटची तिच्या मरणाची असेल."

"म्हणून तर."

मी दुसरी लावली. दोघी मांडीवर हात ठेवून नऊ मिनिटं ऐकत बसलो. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कौशिक तिकडे लांब इस्पितळातच होता.

घरी येऊन कणीक मळायला घेतली, तेव्हा हात झोंबला. उजव्या मुठीचे सांधे सोलून निघाले होते, आणि अंगठीच्या खाचेत दाताचा एक तुकडा अडकला होता.