खुर्चीतून दहा वेळा

एक.

"ती काठी माझी आहे."

"कशावरून? दोन्ही एकाच दुकानातल्या दिसतात."

"माझ्या काठीच्या मुठीला निळा दोरा गुंडाळलाय. टेलरच्या हातची गाठ आहे. सोडवून बघा."

त्याने काठी दिली. स्वतःची उचलायला वाकला, तर गुडघा असा कटकन वाजला की पलीकडच्या कॉटवरच्या पेशंटनेही मान वळवली.

"तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या," तो म्हणाला, "आणि राहतो चौथ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नाही."

टेलरबाईला हसू आलं. नवरा गेल्यापासून सवय मोडली होती, म्हणून ते जरा वाकडंच आलं.

दोन.

फिजिओथेरपीच्या त्या खोलीत गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाय सरळ उचलून धरायचा, मग शेक. शेवटी परीक्षा— हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायचं, बसायचं. दहा वेळा जमलं की सुट्टी. पुढे घरी व्यायाम करा, वजन सांभाळा, इथे येऊ नका.

पहिल्या दिवशी तिचे दोन झाले. शिलाई मशीन महिनाभर झाकून ठेवलेलं होतं.

तीन.

"तुमचे किती?"

"तीन."

"माझे चार," लिफ्टवाला म्हणाला. "टाळ्या नकोत."

चार.

त्याचे पुढेही चारच. हाडावर हाड घासत होतं, मधली गादी झिजून गेलेली. ऑपरेशन हाच उपाय, पण हृदय कमजोर.

"भूल दिल्यावर जाग येईलच, असं डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत," तो गुडघ्यावर शेकाची पिशवी धरून म्हणाला. "मुलगी म्हणते, माझ्याकडे या, करून टाकू. बघू… आपल्यातलं एक तरी कापाकापीतून सुटलं पाहिजे. तुम्ही सुटा."

तिने छताकडे बघितलं. पोपडे सुटलेलं छत, पण तिला ते आवडायला लागलं होतं.

सहा.

घरी मशीनच्या स्टुलावरून ती अकरा वेळा उठली. पण आनंद झाला नाही. दहा म्हणजे सुट्टी. सुट्टी म्हणजे ती खुर्ची रिकामी, आणि शेजारच्या खुर्चीतला तो…

दुसऱ्या दिवशी खोलीत ती सहाला थांबली.

सहा.

"मावशी, छान चाललं होतं की," थेरपिस्ट मुलगी म्हणाली.

"कळ येते."

गिऱ्हाइकांना 'तुम्ही बारीक झालात' सांगण्यात आयुष्य गेलं होतं. हे त्याहून सोपं गेलं.

सहा.

सातव्या आठवड्यात थेरपिस्टने चिठ्ठी लिहून हातात ठेवली. "व्यायाम झाले, इंजेक्शन झालं. आता सर्जनना दाखवा, मावशी."

लिफ्टवाल्याने चिठ्ठी वाचली.

"मी सोमवारी मुलीकडे निघतोय," तो म्हणाला. "ऑपरेशन ठरलं. मला वाटलं होतं, तुम्ही तरी—" त्याने चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून बसला.

टेलरबाईने हात छातीशी बांधले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. सहाला थांबली नाही.

सात. आठ. नऊ. दहा.

थेरपिस्टचं पेन थांबलं.

"म्हणजे इतके आठवडे…" तो म्हणाला.

"इतके आठवडे."

"गुडघ्याशी असं खेळतात का? का पण?"

"दहा झाले असते तर मला इथून घालवलं असतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही इथे होतात."

"वेड्यासारखं केलंत," तो म्हणाला. आवाज मात्र रागाचा नव्हता.

थेरपिस्टने चिठ्ठी परत घेतली आणि फाडली.

पाच.

मग त्यानेही हात बांधले. चार झाले. पाचव्याला अर्ध्यात अडकला. तिने हात पुढे केला.

"ही थेरपिस्ट मोजणार नाही. हात लावायचा नाही, नियम आहे."

"खुर्चीला लावायचा नाही. माझ्या हाताबद्दल कुणी काही बोललेलं नाही."

तो उठला. गुडघा वाजला. उभा राहिल्यावरही त्याने हात सोडला नाही. थेरपिस्टने कार्डावर लिहिलं— पाच, आधाराने.

जाताना टेलरबाईने आपली काठी त्याच्या हातात दिली आणि त्याची स्वतः घेतली.

"आता परत द्यायला यावं लागेल."

"आणि नाही आलो तर?"

तिने खाली वाकून त्याच्या हातातल्या काठीच्या मुठीवरच्या निळ्या दोऱ्याला आणखी एक गाठ मारली.