काकूच्या बेसिनची जाळी

खोटं सांगून मला काय मिळणार?

रात्रबित्र नव्हती. भर दुपार होती. जागा म्हणजे आमच्या मेडिकल कॉलेजची मेंदू कापायची खोली. मी तिथे शिकवते.

त्या दिवशी टेबलावर जो मेंदू होता, तो माझ्या काकांचा होता.

काकांना कंपवात. उजवा अंगठा बोटावर सारखा घासायचा, गोळी वळल्यासारखा. तेही हात मोकळा असला तरच. काकूने तो घट्ट धरला, की गप्प.

देहदान त्यांचीच इच्छा. काकूची अट एकच.

"तुमचं शिकून झालं, की त्यांचं सगळं परत दे गं. काही मागे ठेवू नकोस."

मी शब्द दिला.

मेंदू आम्ही फॉर्मालिनच्या बादलीत दोऱ्याने उलटा टांगतो, तळाला टेकून चपटा होऊ नये म्हणून. आतपर्यंत मुरायला वेळ लागतो. पण आमच्या सरांना पोरं उगाच 'लगीनघाई' म्हणत नाहीत.

"सर, आतून कच्चा असेल."

"काही होत नाही गं. आण इकडे."

सुरी घातली.

बाहेरून घट्ट. आतून... लगदा.

थॅलॅमसच्या शेजारचा, हालचालींना लगाम घालणारा सगळा भाग, कॉडेट, पुटामेन, सगळं गुलाबी आणि बुळबुळीत. पात्याला चिकटून तार सुटली. आणि वास! शी! फॉर्मालिनच्या खालून सडक्या मांसाचा वास. मी पदर नाकाला लावला.

खाली मध्यमेंदूत एक काळी पट्टी असते. काकांची पार फिकी पडलेली.

"हा बघ कंपवात!" सर खूश.

मग त्यांनी तो लगदा बोटाने निपटला, बेसिनमध्ये टाकला आणि नळ सोडला.

"सर, अहो, नको!"

गेलं. गुळगुळ करत खाली गेलं.

नळ बंद झाला.

खोली शांत.

आणि मग...

टक टक टक टक...

बेसिनची जाळी हलत होती. बारीक, एका लयीत. ती लय मी ओळखत होते.

मी जाळीवर तळवा ठेवला.

थांबली.

उचलला... टक टक टक.

"पाइपात हवा असेल," सर म्हणाले. पण हात न धुताच बाहेर गेले.

उरलेलं सगळं मी नियमाप्रमाणे काकूच्या हवाली केलं. लगद्याचं तिला सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार?

पुढच्या आठवड्यात तिच्याकडे गेले. तिचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटलं, रडत असेल. पण बाई हसतमुख.

"ये गं. काका आलेत."

मला स्वयंपाकघरात नेलं. बेसिनपाशी.

टक टक टक टक...

काकूने जाळीवर हात ठेवला. आवाज थांबला.

"बघ, अजून तसेच. हात धरला की शांत."

तोच वास आला. फॉर्मालिन... आणि त्याच्याखालचा.

"काकू, चल इथून."

"थांब गं, हे बघ."

तिने ओट्यावरची बरणी उघडली.

"रोज थोडं थोडं वर येतं. मी चमच्याने काढून ठेवते."

आत गुलाबी तुकडे होते. बुळबुळीत, एकमेकांना चिकटत चाललेले. शेपटासारखा वाकलेला कॉडेट. त्याला लागून पुटामेन. मी हे रोज शिकवते हो! मी ओळखणार नाही?

डावी बाजू पूर्ण झाली होती.

मला तिथेच ओकारी आली. काकूने माझी पाठ चोळली. त्याच हाताने.

"तू सगळं दिलं नव्हतंस ना?" ती म्हणाली. रागावली नव्हती. "असू दे. ते येताहेत स्वतःच."

त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. घरच्या बेसिनवर पालथं ताट ठेवते, त्यावर वरवंटा.

पण काकूचा फोन येतो. कालही आला.

"उजवी बाजूही भरली वाटतं गं. एकदा येऊन बघ ना, सगळं आलं का. आपल्या घरात तुलाच त्यातलं कळतं."

मागून आवाज येत होता.

टक टक टक टक...

"काकू, जाळीवर हात ठेव ना."

"अगं, जाळी नाही ती," काकू म्हणाली. "बरणीचं झाकण आहे."