मातेओनं परत न घेतलेला शब्द

“युवर आईज... काजल ऑर ओरिजिनल?”

वैभवीनं विचारलं, आणि मागे रसवंतीच्या बाकावर सपना आणि रुचिका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. पैज त्यांनीच लावली होती — कारंज्याच्या बसस्टँडवर, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत त्या परदेशी पोराला हे विचारायचं. नाहीतर आठवडाभर सपनाचं दप्तर उचलायचं. दप्तर उचलण्यापेक्षा विचारलेलं बरं!

त्यानं रसाच्या ग्लासातून मान वर केली. उन्हानं लाल झालेलं नाक आणि या एवढाल्या पापण्या! क्षणभर गोंधळला... मग छातीवर हात ठेवून शपथ घेतल्यासारखा म्हणाला, “ऑथेंटिक.”

आता हसायची पाळी वैभवीची होती.

तो मातेओ. इक्वेडोरचा. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत वर्षभरासाठी आलेला आणि राहायला थेट रुचिकाच्या घरी, हुकूमचंद शेठजींकडे. रुचिकाच्या आजीला, धापूबाईंना, ते नाव काही जमेना. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याचा ‘मोतीलाल’ करून टाकला.

मोतीलालची गंमत अशी, की इंग्रजीतले दात पाडणारे शब्द त्याला सहज यायचे. त्याच्या स्पॅनिशमध्ये ते जवळजवळ तसेच होते. पण ‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणं, ‘गेट ओव्हर’ म्हणजे सावरणं, असली चिमुकली इंग्रजी त्याला रडवायची. आणि वैभवीनं तर बोर्डासाठी गाइडातले सगळे ‘पुट’ न् ‘गेट’ घोकून ठेवलेले! मोठा शब्द दिसला की मात्र तिला घाम. त्याला इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. आई कॅनडात कामाला, तिच्याजवळ जायचं तर ती पास व्हावीच लागणार होती. लहानपणापासून तो आजीकडेच वाढलेला.

मग सौदा ठरला. कॉलेज सुटल्यावर रुचिकाच्या ओट्यावर बसायचं. त्यानं एक मोठा शब्द द्यायचा, तिनं एक छोटा. नियम मातेओचा — पाठ करायचा नाही. शब्द स्वतःबद्दल वापरायचा, आणि वाक्य खरंच पाहिजे.

“लेकहो, कितीक बोलता वो!” रुचिका पुस्तकाआडून कान टवकारून म्हणायची.

तेवढ्यात आतून धापूबाईंची हाक — “मोतीलाल, बेटा, दिवस मावळून राह्यला. जेवाले चाल!”

जैनांचं घर ते, दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची. आणि वैभवीच्या गावाची, कामरगावची बसही त्याच सुमारास. तिला हळूहळू त्या मावळतीचा रागच यायला लागला.

एकदा तो म्हणाला, “आज ‘ऑब्स्टिनेट’. म्हणजे हट्टी. कर वाक्य.”

ती अडखळली. “नाही होत... मी कधी हट्ट केलाच नाही.”

बाबांनी ठरवलं होतं, बारावी झाली की वाशीमला फार्मसी. मामाचं मेडिकल आहेच तिथं. ती ‘हो’ म्हणून मोकळी झाली होती.

“आन् तुले काय पायजे?” त्यानं विचारलं. धापूबाईंकडून उचललेली वऱ्हाडी त्याच्या तोंडी इतकी गोड लागायची!

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. “शब्द,” ती हळूच म्हणाली. “तुझ्या भाषेतले, इंग्रजीतले... ढीगभर.”

त्यानं तिच्या ओढणीला चिकटलेलं कुसळ अलगद काढलं. ती ओढणीचं ते टोक मुठीत धरून बसली.

“मंग ‘ऑब्स्टिनेट’ ठेव तुह्यापाशी. खरा होईल तवा वापर.”

भाद्रपदात पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा, वर्षभराच्या चुकांची माफी मागायचा दिवस आला. रुचिकाच्या अंगणात लहानमोठे सगळे एकमेकांपुढे हात जोडत होते — उत्तम क्षमा, उत्तम क्षमा. मातेओही आला. हात जोडलेले.

“उत्तम क्षमा, वैभवी.”

“कायची माफी रे मोतीलाल? काजळ लावून राह्यला होता का तू?”

तो हसला नाही.

“आय पुट ऑफ टेलिंग यू.”

तिचाच शब्द. तिनंच दिलेला. आणि वाक्य... खरं होतं. परीक्षा पास झाला, कॅनडाचा व्हिसा येऊन महिना उलटला होता. उद्या उजाडायच्या आत त्याची गाडी नागपूरच्या विमानतळाकडे निघणार.

“रोज सांगणार होतो,” तो म्हणाला. “रोज दिवस मावळला.”

आपणही ‘उत्तम क्षमा’ म्हणायचं, एवढंच तर होतं. तो वाट पाहत उभा होता. पण खोटं वाक्य चालणार नव्हतं ना! आणि तिनं माफ केलं नव्हतं.

“अवं पोरी, आज तं दुश्मनालेबी म्हणतेत!” धापूबाई कळवळून म्हणाल्या.

वैभवीनं बॅग उचलली आणि निघाली. बसमध्ये तिनं खिडकीकडे तोंड केलं, ते कामरगाव येईपर्यंत वळवलं नाही.

सकाळी पहिल्या बसनं ती परत धावली. दारात रुचिका, डोळे सुजलेले. ओट्यावर धापूबाईंनी सवयीनं मोतीलालची थाळीही पुसून ठेवलेली.

“काही... म्हणला?”

“म्हणला, तिले सांग, ठेवाले देला तो शब्द मी परत नाही घेत.”

वैभवीनं तिथंच उभ्या उभ्या मोबाइलवर लिहिलं, ‘उत्तम क्षमा’. आता ते खरं होतं. एकच टिक दिसली. फोन बंद असेल... आयुष्यातला पहिला हट्ट तिनं केला होता, आणि तो नको त्या जागी खर्चून टाकला होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिची आई, गोजराबाई, शेंगा निवडत होती आणि बाबा, उकंडराव, पाय धुऊन नुकतेच टेकले होते. दिवस मावळत होता. आज थांबायचं नाही, तिनं ठरवलं.

“बाबा, मले फार्मसी नाही करायची.”

आईचा हात शेंगेवरच थांबला. “त्या परदेशी पोराच्या मांगं लागून का वं?”

“तो गेला, माय,” ती रडतच म्हणाली. “आता मांगं जाले कोणी नाही.”

“मंग काहून?” उकंडराव म्हणाले. “आन् मामाले काय सांगू? असा हट्ट तं तू कधी केला नाही.”

तिनं गाल पुसले. ओठांवर ‘ऑब्स्टिनेट’ आला, आणि या वेळी तो खरा होता, योग्य जागी होता.

“आता करून राह्यली, बाबा. बारावी झाली की मी नागपूरले भाषा शिकाले जाणार. मामाले मीच सांगीन.”