खारपाणातली पाहुणी

आमच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. पूर्णेच्या काठचा हा सगळा पट्टा खारपाणाचा. वर काळीभोर जमीन आणि खाली खारट पाणी. पूर्वी लोक या भागात मुलगी द्यायला का-कू करायचे. माझी आई मनकर्णा मात्र इथेच नांदली, आणि मी तर हा खारटपणा मोजण्याचीच नोकरी धरली. अकोल्याच्या प्रयोगशाळेत गावोगावच्या विहिरींचं पाणी तपासतो. माझी बायको नीलम म्हणते, त्यापायीच तुमची जीभ अशी झाली.

धाकटा भाऊ स्वप्निल कोकणात नोकरीला असतो. आई दोन वर्षं त्याच्याकडे होती. त्याचं भाड्याचं घर किनाऱ्याला लागून होतं आणि समुद्र दर पावसाळ्यात अंगणाचा एक घास घ्यायचा. आधी सुरूची झाडं गेली, मग कुंपण, मग न्हाणीघर. शेवटी घर सोडावं लागलं. स्वप्निल आत गावात राहायला गेला आणि आई परत आली.

आल्या आल्या तिने चहा पिता पिता सांगितलं, "निंगताना समिंदराजवळ गेलो. म्हनलं, येतो बाई. तू बी ये एखांद्या खेपेस आमच्या घरी."

"समुद्राला घरी बोलावलंस?"

"मंग काय करू? रोज दारात येत होती. निरोप घेताना असं म्हनतातच ना?"

समुद्राला ती बाई समजायची. आणि आमच्याकडे निघणाऱ्याने 'या आमच्या इकडे' म्हटलं नाही, तर तो माणूसघाणा ठरतो. मला हसू आवरेना. मी तिला समजावून सांगितलं की ध्रुवांकडचा बर्फ वितळतोय, त्यामुळे समुद्र चढतोय, किनारे बदलणार, कित्येक गावं पाण्याखाली जाणार. पण जगातला सगळा बर्फ वितळला तरी पाणी सत्तरेक मीटर चढेल. आपण पावणेतीनशे मीटरवर बसलोय.

"म्हणजे तुझी पाहुणी काही येत नाही," मी म्हणालो.

आईच्या डोक्यात बर्फच राहिला होता. "किती वर्सं बर्फ होऊन एका जागी निवांत बसून होती बिचारी. आता तिले घर नाई रायलं. बिनघराचं माणूस कुठंबी जाते, बापा."

मे महिन्यात मी तिला न्यायला गेलो. कोकणात जाण्याआधीच्या उन्हाळ्यात तिला ऊन लागलं होतं आणि ती मरता मरता वाचली होती. गावात एकटी, दिवसदिवस लाइट नाही. अकोल्यात जठारपेठेत आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, कूलर होता, खालीच डॉक्टर होता. यंदा तिला गावात ठेवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. बाबा गेल्यावर वडीलधारं माणूस म्हणून मला तीच उरली होती, आणि तिला गमवायची माझी तयारी नव्हती.

"पाहुणी येऊन राह्यली. मी कशी येऊ?" ती म्हणाली आणि मला परसातल्या विहिरीवर घेऊन गेली.

मे महिन्यात आमच्या विहिरी तळ गाठतात. ही अर्धीअधिक भरली होती. सकाळी पाणी चढतं, दुपारी उतरतं, संध्याकाळी पुन्हा चढतं, असं आईने सांगितलं. मी बादली ओढून हात घातला. माथ्यावर ऊन भाजत होतं आणि माझी बोटं बधिर झाली. एवढं गार पाणी मी आयुष्यात हाताळलं नव्हतं.

नमुना अकोल्याला आणला. आमच्या विहिरींचं खारटपण मला तोंडपाठ आहे. हे ते नव्हतं, हे समुद्राचं होतं. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच आलं. मग बाटली धुऊन ठेवली.

फोनवर आईचं एकच, "जरा थांब. पाहुणं आल्याबिगर घर सोडतात का?" तिच्या हट्टापुढे मी हात टेकले.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी लाइट गेली. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. प्रयोगशाळेतच खुर्चीतल्या खुर्चीत माझा डोळा लागला. जागा झालो आणि आईला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग मी गाडी काढली.

गावात शुकशुकाट होता. दारं सताड उघडी आणि माणसं आत गाढ झोपलेली. कुत्रंही भुंकलं नाही. हवेत गारवा होता.

आई बाजेवर पडली होती. मी कपाळाला हात लावला. थंडगार.

"आई!"

तिने डोळे उघडले. मी लहान पोरासारखा रडलो.

"काहून रडून राह्यला? येऊन गेली ना ते."

तेव्हा मला भिंत दिसली. खालपासून वरपर्यंत ओली. वर, माझा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, मिठाची पांढरी रेघ.

बाज कोरडी होती. आईचं लुगडंही कोरडं.

"तू कुठे होतीस?"

"इथंच. निजलो होतो. तिनं हलक्यानं पोटाशी घेतलं. लय थकली होती बिचारी." मग तिने पिशवी उचलली. "चाल आता. माही काही ना नाई."

मी गाडी हाणली. रेघ शाळेच्या भिंतीवर होती. निंबाच्या खोडांवर होती. रस्ता चढत गेला. रेघ जमिनीजवळ यायला हवी होती.

आली नाही.

आपलं घर उंचावर आहे, असं मी आईला सांगत राहिलो. ती माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिली.

जठारपेठेत जिना ओला होता. नीलमने जांभई देत दार उघडलं.

"लाइट नव्हती, तरी काय गार झोप लागली हो!"

तिच्या मागच्या भिंतीवर, पंख्याच्या वर, पांढरी रेघ.

आमची मुलगी आचल पलंगावर झोपली होती. आई तिच्या उशाशी बसली आणि केसांतून हात फिरवू लागली. केसांतून चादरीवर बारीक वाळू सांडली. मी घाबरून आचलला हाक मारणार, तोच आईने माझा हात धरला.

"उठवू नको," ती मायेने म्हणाली. "लेकरू पाहुणीसंग लय दुरून आलं असन."