मेतोदीच्या चार डिस्क

आता आणखी लाकूड नको, पोरांनो. जाळ मोठा केला की भट्टीतली राकिया करपते, आणि मग वर्षभर करपटच प्यावी लागते. आपला नंबर यायला अजून दोन पिंपं आहेत. तोवर राद्कोचं सांगतो. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी राद्कोला तो शाळेत गणितात गटांगळ्या खायचा तेव्हापासून ओळखतो, आणि एवढी थाप रचायची अक्कल त्याला नाही.

सतरा सालचा नोव्हेंबर. तारीख चोवीस, शुक्रवार. राद्कोचं खाली त्रोयानच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. हात बरा, तोंड हातापेक्षा बरं. संध्याकाळी साडेसातला एक नवी हार्डडिस्क पिशवीत टाकून तो वर बुकोवेत्स गावी निघाला. नेवेनाच्या घरी. काम किरकोळ होतं. तिच्या नवऱ्याचा कॉम्प्युटर दोन दिवस सारखा कीं-कीं करत होता, तो गप्प करायचा.

नवरा म्हणजे मेतोदी. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेला, महाकाटेकोर माणूस. सतरा ऑक्टोबरला छातीत कळ येऊन गेला. म्हणजे दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याचा चाळिसावा. चाळीस दिवस माणूस घरातच असतो आणि मग निघतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

या दोघांना एकच मुलगी, कालिना. स्पेनमध्ये म्हातारी माणसं सांभाळायला गेलेली. दर रविवारी सहाला तिचा फोन यायचा आणि मेतोदी तो सगळा कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायचा. सात वर्षांचे रविवार. मग पोरगी तिकडेच बसच्या अपघातात गेली. तेव्हापासून रविवारी सहा वाजले की नवरा-बायको त्यातला एक फोन लावून ऐकत बसायची. मेतोदीचा एका डिस्कवर भरवसा नव्हता. त्यानं चार डिस्क एका कार्डाला जोडल्या होत्या. एक गेली तर उरलेल्या तिघी मिळून तिचं सांभाळून घेतात, अशी ती रचना. आता मेतोदीही गेला. फोनमध्ये पोरीचा आवाज तसा त्याचाही. नेवेनाला सकाळी चर्चमध्ये जाण्याआधी दोघांना एकदा ऐकायचं होतं. तिचं जे काही उरलं होतं, ते त्या डब्यात होतं.

राद्कोनं डबा उघडला. तीन डिस्क फिरत होत्या, एक थंडगार. ती काढायची, नवी बसवायची, की बाकीच्या तिघी तिला रात्रीतून भरून देतात. पण कार्डावर एक छोटी बॅटरी असते, आणि ती कधीच मेली होती. मशीन बंद केलं की कोणती डिस्क कोणत्या जागी होती हे कार्ड विसरणार होतं. राद्कोनं तिकडे बघितलंच नाही. धूळ झाडायची आणि खोडरबरनं टोकं घासायची म्हणून त्यानं मशीन बंद केलं आणि चारही डिस्क उपसल्या. उपसण्याआधी नंबर घालायचे असतात, हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी शिकवतात. हा म्हणाला, चार तर आहेत, विसरतोय कशाला. टेबलावरच्या मेणकापडावर ओळीनं मांडल्या आणि हात धुवायला गेला.

आता पाहुणा घरात, रात्रीची जेवायची वेळ आणि टेबल रिकामं. आपल्याकडच्या बाईला ते बघवेल का? नेवेना चीजची गरम बानित्सा घेऊन आली. जागा हवी म्हणून तिनं त्या चार डिस्क ताटल्या गोळा कराव्यात तशा एकावर एक रचल्या आणि खिडकीत ठेवून दिल्या.

राद्को परत आला. टेबलावर बानित्सा, मिरचीचं लोणचं, दोन पेले. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

बोलणार काय? तिनं मायेनं केलं होतं. चूक याची होती, आणि ती कबूल करायला याची जीभ रेटेना. खाली मान घालून त्यानं खाल्लं. म्हणाला, सकाळपर्यंत होईल, तुम्ही झोपा.

नेवेना दारात थांबली. "कालिना आहे ना रे त्यात?"

"आहे, काकू."

"आणि हा?"

"काकाही आहेत."

ती आत गेली. राद्को मला म्हणाला, आयुष्यात इतकं खोटं मी कुणाशी बोललो नव्हतो. खरोखर आहेत की नाहीत, हे त्याला तरी कुठे माहीत होतं?

मेलेली डिस्क वीज देऊनही फिरेना, त्यावरून त्यानं ती ओळखली. तिच्या जागी नवी घ्यायची. पण ती जागा कुठली? चार डिस्क, चार जागा, चोवीस तऱ्हा. आणि ते कार्ड जुनं, हट्टी. क्रम चुकीचा सांगितला तरी ते ऐकणार, आपल्या मतानं सगळं जुळवायला बसणार, आणि होतं ते कायमचं पुसून टाकणार. दुसरी संधी नाही.

अकरा वाजले. बारा. एक. त्यानं धुळीच्या रेघा बघितल्या, वायरींची वळणं बघितली. काही कळेना. कॉम्प्युटरच्या मालकाला फोन करावा, तर मालक चर्चच्या मागे कबरीत झोपलेला. हे आपलं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही.

सव्वादोनला त्यानं हार मानली. अंदाजानं वायरी खोचल्या. पडद्यावर प्रश्न आला, हाच क्रम ना? एक बटण दाबायचं होतं. बोट बटणावर ठेवलं. आणि लाइट गेली.

वरच्या गावांत जातेच. तो तसाच बसला. मोबाइल कोटात होता, कोट बाहेर खुंटीला. शेगडी विझलेली. काहीच दिसत नव्हतं.

आतल्या खोलीतून नेवेना झोपेत बोलली. अगदी सावकाश.

"मेतोदी... पाहुणा आहे तो. रागावू नकोस."



समोरची खुर्ची करकरली. कुणी बसलं की करकरते, तशी.



वायर निघताना बारीक आवाज होतो. सवयीच्या कानालाच कळतो. तो आला. टेबलाच्या पलीकडून. एक... मग दुसरी... तिसरी... चौथी.

थोडा वेळ काहीच नाही.

टक्.

मेणकापडावर डिस्क ठेवल्याचा आवाज. हळू. जपून.

टक्.

 

टक्...

मग बराच वेळ गेला. कुणीतरी विचार करत असावं, इतका. आणि चौथी.

टक्.

वायरी आत बसल्या. एकेक. खुर्ची मागे सरली, आणि परत नीट टेबलाखाली सारली गेली.

दोन चाळीसला लाइट आली. समोर कुणी नव्हतं. मेणकापडावर चार डिस्क एका ओळीत होत्या, मधली अंतरं सारखी, वायरी जोडलेल्या. यानं लावला होता तो क्रम नव्हता. नवी डिस्क तिसऱ्या जागी होती.

राद्को पळाला का नाही, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, पाय असते तर पळालो असतो. त्यानं मशीन चालू केलं, आहे तो क्रम सांगितला आणि डोळे मिटून बटण दाबलं. एक टक्का. दोन टक्के. तो पहाटेपर्यंत आकडे बघत बसला, आणि समोरच्या खुर्चीकडे एकदाही बघितलं नाही.

साडेसहाला शंभर झाले. त्यानं एक फोन उघडला. कालिना म्हणाली, "बाबा, ऐकू येतंय का?" आणि म्हातारा खाकरून म्हणाला, "येतंय, बोल." राद्कोनं तिथंच बंद केलं. ते त्यानं ऐकण्यासारखं नव्हतं. मग तो टेबलावर डोकं टेकून रडला. हे त्यानं स्वतः सांगितलं, म्हणून सांगतो.

नेवेना काळे कपडे घालून बाहेर आली. आता त्याच्यानं राहवलं नाही. त्यानं सगळं ओकलं. क्रम मी घालवला होता, खोटं बोललो, आणि जोडलं ते मी नाही.

तिनं खिडकीकडे बघितलं. "म्हणजे त्या मी उचलल्या, म्हणून झालं."

राद्को मेणकापडावरचा बानित्सेचा चुरा वेचायला लागला.

"रात्रभर माझ्या उशाशी बडबडत होता," ती म्हणाली. "माझ्या वस्तूंना हात लावत जाऊ नकोस म्हणे. पंचेचाळीस वर्षं हेच ऐकतेय."

मग तिनं एक फोन लावायला सांगितला. राद्को बाहेर ओसरीवर जाऊन थांबला. आत ती हसली की रडली, हे भिंतीतून नीट कळलं नाही. तिनं हाक मारल्यावर तो आत आला, या वेळी क्रम कागदावर उतरवून घेतला, मशीन बंद केलं आणि डिस्क डब्यात बसवायला घेतल्या. मदत म्हणून तिनं नवी उचलून त्याच्या हातात दिली, आणि देता देता थांबली.

डिस्कच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं एक आकडा होता. तीन. वरची रेघ सपाट, कोपरा टोकदार, टेलिफोन खात्यातली जुनी माणसं काढायची तसा. ही डिस्क आदल्या संध्याकाळी राद्कोनं स्वतः पाकीट फाडून काढली होती. बाकी तीन त्यानं उलटून पाहिल्या. त्यांच्यावर काही नव्हतं.

नेवेनानं आकड्यावरून उजव्या हाताचं बोट फिरवलं. शिसं बोटाला लागलं.

मी त्या दिवशी चर्चमागे होतो. चाळिसाव्याचे उकडलेले गहू तिनं सगळ्यांना डाव्या हातानं वाटले. म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, नेवेनाला दुःखानं रीतभात सुचेना. मलाही तिनं डाव्या हातानंच दिले. उजवी मूठ तिनं घट्ट मिटून धरली होती, आणि घरी जाईपर्यंत ती उघडली नाही.