भोरभर सांग!

“आई, भोरभर सांगत सुटू नकोस! होडी भाड्यानं मिळालीय, पण मित्रानं ऐन वेळी हात वर केलेत...”

इंग्लंडातल्या कालव्याच्या काठी हे मराठी ऐकून प्रेरणा थबकलीच. भुरभुर पाऊस होता. समोर एक लांबलचक, चिंचोळी होडी, आणि तिच्या टोकाशी फोन खांद्याशी धरून चष्मा पुसत एक उंच मुलगा.

“भोरचे का तुमी? मी वेल्ह्याची. प्रेरणा.”

त्याचा चष्मा पाण्यातच जायचा! “मी प्रद्युम्न. होडीतलं काही... कळतं?”

“आमचे आबा भाटघरच्या धरणात होडी चालवतात. मला इचारताय व्हय!” आणि ती टुणकन चढलीच.

प्रेरणा तिथल्या हॉस्पिटलात नर्स होती. येत्या रविवारी ती कायमची घरी निघाली होती. गावाजवळच्या दवाखान्यात जागा मिळाली होती, आणि कुणासाठीही हा बेत मोडायचा नाही हे तिचं ठरलेलं होतं. आजचा दिवस मात्र तिचा होता.

होडी माणसाच्या चालीनं चालली. चहा झाला, ब्रेडला त्याच्या आईची शेंगदाण्याची चटणी लावून झाली. दोघंही कॉलेजला भोरहून एकाच एस.टी.नं पुण्याला जायची, हेही निघालं.

“मग दिसला कसं न्हाईत?”

“तुम्ही खिडकीबाहेर बघत असाल.”

“आन् तुमी?”

“मी... आता बघतोय ना!” त्याचे कान लालबुंद झाले.

पुढं लॉक आलं. दोन दारांमध्ये होडी उभी करायची, पाणी सोडायचं, की होडी खालच्या पातळीला उतरते. प्रद्युम्न काठावर जाऊन लोखंडी हँडल फिरवू लागला. होडीतल्या प्रेरणानं सवयीनं काठावरच्या खुंटाला दोर आवळून बांधला. आधी होडी बांध, मग बोल, ही आबांची शिकवण! पण भाटघरचं पाणी असं बघता बघता पायाखालून जात नाही. पाणी उतरलं आणि होडी दोराला लटकून कलली. किटली धाडकन पडली, प्रेरणा फळीवर आपटली.

प्रद्युम्ननं पाणी बंद केलं, वरचं पाणी आत घेतलं. होडी सरळ होताच त्यानं होडीत उडी टाकली. “लागलं का?”

“न्हाई वो. चुकलंच माझं.”

“इथं दोर बांधायचा नसतो. नुसता धरायचा... पाणी उतरेल तसा सैल सोडायचा.”

या खेपेला तिनं तसंच केलं.

संध्याकाळी होडी काठाला लागली, तेव्हा त्यानं एका दमात सांगून टाकलं, “तुम्ही मला फार आवडलात. रविवारी जाऊ नका ना. इथंच थांबा.”

तिलाही तो आवडला होता, चांगलाच.

“मलाबी तुमी आवडलात. पर मी जानार. आमच्याकडं बाई अडली की रात्रीची होडीत घालून भोरला न्यावी लागती. त्यासाठीच शिकलेय मी.”

तिनं दोर उचलला आणि त्याच्या हातात दिला.

“बांधू नका. धरा. दिवाळीला या, आबांच्या होडीत बसवते.”

“दिवाळीला नाही जमणार.”

तिचा चेहराच उतरला.

“तोवर दम कुणाला निघतोय? गणपतीलाच येतो!” दोर तसाच धरून त्यानं दुसऱ्या हातानं फोन लावला. “आई... ऐक. आता खुशाल भोरभर सांग!”